साडेअकराची रेघ

सहा महिन्यांचं बाळ आणि शाळेत जायला निघालेलं पाच वर्षांचं पोरगं, दोघांनाही एकच माप लावायचं असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. कुपोषण शोधण्याची एक पद्धत मात्र नेमकं हेच करते. डाव्या दंडाच्या मध्यावर रंगीत फीत गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर फितीच्या खिडकीत लाल रंग येतो. म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण, ‘मॅम’. त्यापुढे हिरवा. वय विचारायचं नाही, वजन करायचं नाही, उंची बघायची नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, वजनकाटा आणि उंचीची फळी डोक्यावर वाहून न्यावी लागते. ही फीत पदराच्या गाठीत मावते.

माप घ्यायला मिनिटभर पुरतं, पण ते मिनिट नीट जावं लागतं. मूल आईच्या मांडीवर, डावी बाही वर. कोपर काटकोनात वाकवायचं. खांद्याच्या हाडाचं टोक बोटाने चाचपायचं, मग कोपराचं टोक. या दोहोंमध्ये दोरा धरायचा, दुमडून अर्धा करायचा आणि त्या जागी पेनाने ठिपका द्यायचा. आता हात सरळ खाली सैल सोडायचा आणि ठिपक्यावर फीत गुंडाळायची. ती कातडीत रुतायला नको आणि तिच्याखालून उजेडही दिसायला नको. अडचण असते ती मुलाचीच. अनोळखी माणसाने हात धरला की दोन वर्षांचं लेकरू भोकाड पसरतं, मूठ आवळतं आणि मुठीबरोबर दंडही आवळला जातो. दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले की लालाचं पिवळं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जाणती सेविका आधी फीत लेकराच्या हातात खेळायला देते, आईच्या मनगटाला गुंडाळून दाखवते, आणि रडं थांबल्यावरच माप घेते. महिनाअखेरीला अहवालाची घाई असते तेव्हा हे सगळं होतंच असं नाही.

तसं पाहिलं तर दंडाकडे बघून मूल ओळखणं घरातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. दंडावर बांधलेला ताईत कोपराकडे घसरायला लागला, कमरेचा करगोटा सैल झाला, की आजी म्हणतेच, लेकरू वाळलं. वैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांतही ‘बांगडी चाचणी’ नावाचा प्रकार आहे. आतला व्यास ४ सेंटिमीटर असलेली बांगडी मुलाच्या हातात घालून वर सरकवायची. ती कोपर ओलांडून दंडावर गेली तर मूल कुपोषित. गणित करून पाहा. ४ सेंटिमीटर व्यासाच्या बांगडीचा घेर १२.५६ सेंटिमीटर येतो. पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा साडेबाराचा आकडा या बांगडीत आधीच बसलेला होता.

०

या मापाचा जन्म दवाखान्यात झाला नाही, युद्धात आणि दुष्काळात झाला. डेरिक जेलिफ या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९६६ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी समाजाचं पोषण कसं तपासावं यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात दंडाच्या घेराला मानाचं स्थान दिलं. पुढे नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं. भुकेल्या मुलांच्या रांगाच्या रांगा. तिथे काम करणाऱ्या क्वेकर पंथाच्या मदत पथकाने एक काठी वापरली. काठीवर उंचीच्या खुणांजवळ दंडाच्या घेराचे आकडे लिहिलेले. मुलाचा दंड मोजायचा, त्याला काठीजवळ उभं करायचं. दंडाच्या आकड्यापेक्षा डोकं वर गेलं, म्हणजे उंची आहे पण अंगावर काही नाही, की त्या मुलाला आधी खायला द्यायचं.

हीच काठी १९७० च्या सुमारास आताच्या बांगलादेशातल्या मतलब या भागात आठ हजारांहून जास्त मुलांना लावली गेली आणि नंतर दीड वर्ष कोण जगलं, कोण गेलं, याची नोंद ठेवली गेली. आल्फ्रेड सॉमर आणि मॅथ्यू लोवेनस्टाइन यांनी १९७५ मध्ये तो हिशेब छापला. ज्यांचे दंड सर्वांत बारीक, ती मुलं इतरांच्या कितीतरी पट जास्त दगावली होती. मला या अभ्यासाचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी, की तोवर ‘कुपोषित’ याचा अर्थ तक्त्यातल्या सरासरीपेक्षा कमी, इतकाच होता. इथे पहिल्यांदा प्रश्न बदलला. सरासरीपेक्षा किती कमी हे बाजूला ठेवून, मरण किती जवळ आहे असं विचारलं गेलं.

बगदादचे अदनान शाकीर आणि लंडनचे डेव्हिड मोर्ले यांनी १९७४ मध्ये आकडे काढून टाकले आणि तीन रंग आणले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. लाल रंगाची रेघ मध्यंतरी ११ सेंटिमीटरवर होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये ती साडेअकरावर आणली.

दंडच का, हेही सांगायला हवं. दंडात मध्ये हाड, त्याभोवती स्नायू, स्नायूभोवती चरबीचा थर आणि वर कातडी. हाड एका महिन्यात बारीक होत नाही. म्हणजे घेर उतरला तर स्नायू किंवा चरबी, बहुधा दोन्ही उतरलेली असतात. आणि स्नायू म्हणजे नुसती ताकद नव्हे. उपाशी शरीरातली यकृताची साखर एखाद्या दिवसात संपते. त्यानंतर चरबी जळते खरी, पण मेंदूला साखर लागतेच, आणि ती बनवायला स्नायूतलं प्रथिन मोडावं लागतं. त्यात न्यूमोनिया झाला, हगवण लागली, तर रोगाशी लढणारी प्रथिनं तयार करायलाही कच्चा माल तिथूनच उचलला जातो. लहान मुलाचं डोकं मोठं आणि दंड बारीक असतो. खर्च करणारा मेंदू मोठा, साठवण छोटी. साठवण संपली की साधा तापही जिवावर बेततो.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत एकच रेघ कशी चालते, याचं उत्तरही यातच आहे. पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत निरोगी मुलाचं वजन जवळपास दुप्पट होतं. दंडाचा घेर मात्र जेमतेम दोन सेंटिमीटर वाढतो, कारण बाळसं उतरतं तसा स्नायू भरत जातो. वयानुसार बारीक हिशेब केला तर थोडा फरक पडतो. पण बारीक दंडाचं सर्वांत लहान मूल हेच सर्वांत जास्त धोक्यात असतं, त्यामुळे हा ‘दोष’ सोयीचाच ठरतो.

०

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर, त्यात आदिवासी जवळपास ३९ टक्के. धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत गोंड आणि माडिया. वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरावर कोलाम. या मुलखात वजनाच्या तक्त्याची पहिली अडचण वयाची होती. भारतीय बालरोग संघटनेने १९७२ मध्ये आणलेल्या चार श्रेण्या वयानुसार वजनावर आधारलेल्या होत्या. ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं’ हा शब्दप्रयोग मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांना आठवत असेल. पण लेकरू ‘मोहफुलं वेचायच्या दिवसांत झालं’ किंवा ‘रोवणीच्या वेळी पोटात होतं’ असं आई सांगत असेल, तर सेविकेने तक्त्यात कोणता महिना धरायचा? एक-दोन महिने इकडे-तिकडे झाले की श्रेणी बदलते. अंगणवाड्यांत २००८ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे नवे तक्ते आले, जन्मनोंदणीही पुष्कळ सुधारली. पण ज्या मापाला वयच लागत नाही त्याची किंमत इथे नागपूर-पुण्यापेक्षा नेहमीच जास्त राहणार.

गावातल्या बाईच्या हाती शास्त्र देण्याचा प्रयोग या जिल्ह्यात आधीच झाला आहे, आणि त्याला तोड नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत आहे. मुलांच्या न्यूमोनियात श्वास मोजणं महत्त्वाचं. पण निरक्षर दायांना चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून बंगांनी एक साधं यंत्र बनवलं. एका मिनिटाची रेतीची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. रेती संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. गावपातळीवर उपचार दिल्यावर न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बाया घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. ‘लॅन्सेट’मध्येच १९९९ साली आलेला तो निबंध आज आशा कार्यकर्तींच्या घरभेटींचा पाया आहे. लाल मणी आणि लाल फीत एकाच कुळातली. दोन्हींत निदान त्या बाईच्या हाती असतं आणि त्यासाठी तिला डॉक्टरकडे धावावं लागत नाही.

फरक पुढे आहे. लाल मणी आला की त्याच दायीच्या पिशवीत औषध होतं. लाल फीत आली की सेविकेच्या हातात असतं ते रजिस्टर.

फितीचं मला आजवर उमगलेलं सगळं या फरकात आहे. या झाडीपट्टीतल्या एखाद्या म्हातारीने ‘मोजून का होते जी?’ असं विचारलं तर ते अडाणीपणाचं लक्षण नाही. या विषयावर विचारता येईल असा सर्वांत नेमका प्रश्न तोच आहे. आपल्याकडे मोजण्याचा खटाटोप पुष्कळदा वर पाठवायच्या आकड्यासाठी होतो. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिलं की महाराष्ट्रात जितकी बालकं मरतात त्यांतली बरीचशी सरकारी नोंदीत मरतच नाहीत. मग शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं, ग्राम बाल विकास केंद्रं आली. कामं झाली, नाही असं नाही. पण मृत्यू लपवणारी सवय लाल रंगही लपवू शकते. अकरा पूर्णांक चारच्या जागी अकरा पूर्णांक सहा लिहायला काय लागतं?

०

तज्ज्ञांचं भांडण निराळंच आहे. तीव्र कुपोषण ओळखायचे दोन मार्ग: उंचीच्या मानाने वजन, आणि दंडाचा घेर. वाटेल की दोन्हींनी तीच मुलं सापडतील. तसं होत नाही. पुष्कळ मुलं एकाच मापात अडकतात, दुसऱ्यातून सुटतात. भारतात उंची-वजनाने सापडणारी मुलं दंडाने सापडणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त भरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने हडकुळी निघाली, म्हणजे चारांतलं एक. फीत लावली तर एवढी लाल-पिवळी दिसत नाहीत. लांब पायांचं सडपातळ मूल उंची-वजनात नापास होतं आणि फितीत पास. उलट खुंटलेलं, लहानखुरं मूल फितीत लाल येतं, आणि उंचीच कमी असल्यामुळे दुसऱ्या तक्त्यात ‘ठीक’ दिसतं.

कोणतं खरं? सर्वेक्षणासाठी उंची-वजन ठेवा, त्याशिवाय देशाचं चित्र कळणार नाही. पण एखाद्या टोल्यावर आज कुणाला वाचवायचं हे ठरवायचं असेल तर माझं मत फितीच्या बाजूला पडतं. ती लहान, खुंटलेली, मरणाच्या जवळची मुलं आधी दाखवते. मात्र फितीवर हिरवं दिसलं म्हणून पाठ फिरवणाराही तितकाच चुकतो. पायांवर सूज असलेल्या मुलाचा दंड फितीला फसवतो. अंगात पाणी भरलेलं असतं आणि फीत हिरवं दाखवते. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का हे बघायला शिकवतात. ते फितीइतकंच जरुरीचं आहे, आणि त्याला तर फीतही लागत नाही.

लाल निघालेल्या प्रत्येक दंडामागे भूकच असते असंही नाही. गडचिरोली हा राज्यातला हिवतापाचा सर्वांत मोठा पट्टा. महिन्यामागून महिना ताप आणि वाढलेली प्लीहा घेऊन हिंडणारं मूल कितीही खाल्लं तरी भरत नाही. सिकलसेलचं प्रमाण इथे मोठं, आणि सिकलसेलचं मूल मुळातच काटकुळं. शिवाय ऋतू. पावसाळ्यात रोवणी लागते, आई दिवसभर चिखलात, लेकरू सात वर्षांच्या बहिणीच्या काखेत. सकाळची पेज दुपारपर्यंत आंबते, पाणी गढूळ होतं, हगवण लागते. घरातलं धान संपत आलेलं असतं. पुढे जानेवारीनंतर याच भागातली कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरूही जातं, फितीच्या यादीतलं नाव गावात राहतं. एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. हातात पैसा येतो तो तेव्हा, आणि घरी कुणी नसतं तेही तेव्हाच.

असं मूल लाल निघालं की त्याला जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्या, असं सांगितलं जातं. चौदा दिवस वगैरे, आईने सोबत राहायचं. सरकार बुडीत मजुरी देतं, तरी मागे राहिलेल्या दोन लेकरांचं काय, बैलांचं काय, वेचून ठेवलेल्या मोहफुलांचं काय, याची सोय कोणत्याही शासन निर्णयात नसते. भामरागडहून गडचिरोली म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त. खरं तर लाल निघालेली बहुतेक मुलं, भूक लागत असेल आणि दुसरा आजार नसेल तर, गावातच बरी होऊ शकतात. दिवसातून अनेकदा थोडं थोडं, तेलतूप घातलेलं, दाट खाणं, आणि दर आठवड्याला माप. ग्राम बाल विकास केंद्राची कल्पना तीच होती. या खाण्याऐवजी द्यायच्या शेंगदाण्याच्या तयार पाकिटांवरून देशात मोठा वाद झाला, २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने राज्यांना त्याविरुद्ध पत्रही लिहिलं. पाकीट की घरचं शिजवलेलं, यावर भांडणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं की दोन्हींपैकी एक रोज त्या टोल्यावर पोचलं पाहिजे. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं गरम जेवण, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. जिथे ही साखळी तुटत नाही तिथे तिचा उपयोग होतो.

गरोदर बायांवरून आठवलं. फीत लहान मुलांचीच म्हणून ओळखली जाते, पण मोठ्यांच्या दंडाचंही एक शास्त्र आहे आणि आपण त्याच्याकडे बघतच नाही. गर्भारपणात वजन वाढतं, त्यामुळे वजन-उंचीचा निर्देशांक काही सांगत नाही. दंड मात्र फारसा बदलत नाही. २३ सेंटिमीटरच्या खाली दंड असलेली गरोदर बाई स्वतः धोक्यात असते आणि तिचं बाळही कमी वजनाचं होण्याची शक्यता मोठी. डोक्यावर लाकडाची मोळी आणि पोटात सहा महिने, अशी बाई या रस्त्यांवर रोज दिसते. तिच्या दंडाला फीत कोण लावतं?

मोठ्यांत नुसता घेर पुरत नाही, हेही खरं. दंडाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून तिची जाडी चिमट्यासारख्या यंत्राने मोजतात. घेरातून त्या जाडीच्या ३.१४ पट वजा केली की चरबी काढलेला घेर उरतो. दोन माणसं घेऊ. दोघांचाही दंड २५ सेंटिमीटर. एकाच्या कातडीची घडी १ सेंटिमीटर, दुसऱ्याची २. पहिल्याच्या दंडात हाड-स्नायूचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर येतं, दुसऱ्याच्या २८. फीत दोघांना सारखंच म्हणते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे दंड आणि पोट फारच लहान होते. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास शाबूत. कमी स्नायू, टिकवलेली चरबी. हेच बाळ पुढे भरपूर खायला मिळालं की मधुमेहाकडे झुकतं. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या आणि सिमेंट कारखान्यांच्या वसाहतींत गावाकडून आलेल्या घरांचं जेवण बदललं आहे. तिथे बारीक दंड आणि सुटलेलं पोट एकाच माणसात दिसायला लागलं, तर आश्चर्य वाटायला नको.

मुलांच्या फितीबद्दल अलीकडची सर्वांत कामाची गोष्ट नायजर देशातून आली आहे. मिरिया जिल्ह्यात एका भागात आरोग्य कार्यकर्त्यांनी मुलं मोजली, दुसऱ्या भागात आयांना फीत देऊन त्यांना मोजायला शिकवलं. आयांचं माप कार्यकर्त्यांच्या तोडीचं निघालं, मुलं लवकर सापडली, खर्च कमी आला. आयांना ठिपका देऊन मध्य काढायचीही गरज पडली नाही, नजरेने धरलेला मध्य पुरेसा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या बाळांसाठीही ११ सेंटिमीटरची रेघ धरली. म्हणजे आता बाळंतपणानंतर दीड महिन्यापासूनच फीत घरात असली तर चालेल. आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतेच. पहिल्याच भेटीत तिने फीत आईला देऊन टाकावी. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो त्या आठवड्यांत सेविका पोचत नाही, आई घरातच असते.

त्याआधी एक गोष्ट कागदावर पक्की व्हायला हवी. पोषण पुनर्वसन केंद्रांच्या २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत साडेअकराच्या खालचा दंड हा तीव्र कुपोषणाचा स्वतंत्र निकष आहे; त्याच्यासोबत भूक नसली किंवा आजाराची गुंतागुंत असली की मूल दाखल करून घ्यायचं. आई लाल फीत घेऊन दवाखान्याच्या दारात आली, आणि तिथे मुलाला वजनकाट्यावर ठेवून, फळीवर झोपवून, ‘उंचीच्या मानाने वजन बसतं’ म्हणून परत पाठवलं, तर ती दुसऱ्यांदा येणार नाही. तिची शेजारीणही येणार नाही. ज्या रेघेवर मुलाला बोलावलं त्याच रेघेवर त्याला उपचारात घ्यायचं, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरल्याशिवाय फिती वाटू नयेत.